बाहेर ४१, अंगात १०२

अकोला, मेचा पहिला आठवडा, दुपारचे तीन. बहिणीच्या घरात कूलर घरघरतोय, खिडक्यांना जाड पडदे लावलेत आणि हॉलमधल्या दिवाणावर माझा नऊ वर्षांचा भाचा तापाने पडलाय. बहिणीने त्याच्या काखेतून थर्मामीटर काढलं आणि म्हणाली, "एकशे दोन." आजोबांनी मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं, "बाहेर एक्केचाळीस आहे. आत्ता कुठे नेऊ नका त्याला." भाच्याने डोळे मिटलेल्या अवस्थेतच विचारलं, "म्हणजे मी बाहेरच्यापेक्षा जास्त गरम आहे?"

खोलीत तेव्हा चार मोठी माणसं होती. आजोबा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, भावजी इंजिनिअर, बहीण बीएस्सी आणि मी. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायची गणितं चौघांनीही शाळेत सोडवलेली. तरी भावजी सहज म्हणून गेले, "अरे मग, ताप आहे ना तुला!" आणि आम्ही बाकीचे गप्प. शेवटी मी हिशोब केला. १०२ फॅरनहाइट म्हणजे ३८.९ सेल्सिअस. तापाने फणफणलेल्या पोरापेक्षा बाहेरची हवा दोन अंशांनी जास्त गरम होती.

आम्हा मोठ्यांना हा प्रश्न कधी पडलाच नसता. डोक्यात दोन कप्पे करून ठेवलेत आपण. हवेची उष्णता एका कप्प्यात, अंगाची दुसऱ्यात, आणि मधलं दार बंद. ४१ म्हटलं की टोपी, पांढरा रुमाल, कांदा, पन्हं. १०२ म्हटलं की गोळी, मिठाच्या पाण्याच्या घड्या, डॉक्टर. दोन्ही आकडे उष्णतेचेच आहेत आणि उन्हाळ्यात ते एकाच अंगावर येऊन भिडतात, हे त्या कप्प्यांमुळे दिसतच नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की तापसुद्धा आपण आता सेल्सिअसमध्ये मोजावा. घरात, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, सगळीकडे.

हे फॅरनहाइट आपल्याकडे आलं इंग्रजी वैद्यकाबरोबर. पुण्यातल्या ज्या वेधशाळेला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, तिथल्या साहेबी काळातल्या हवामानाच्या नोंदीही फॅरनहाइटमध्येच होत. म्हणजे एके काळी आपल्याकडे दोन्ही आकडे एकाच भाषेत होते. आजोबांच्या लहानपणी उन्हाळा 'एकशे दहा'चा असे आणि तापही 'एकशे दोन'चा, आणि भाच्याच्या प्रश्नाला तेव्हा कुणीही चुटकीसरशी उत्तर दिलं असतं. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजन-मापांचा कायदा आला, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. शेर गेले, किलो आले. मैल गेले, किलोमीटर आले. हवामान सेल्सिअसमध्ये गेलं. ताप तेवढा मागे राहिला. गावाहून सगळं बिऱ्हाड हलवावं आणि माळ्यावरची एक ट्रंक तिथेच विसरून यावं, तसं.

ज्यांच्याकडून ही ट्रंक आली त्या ब्रिटिशांनी स्वतः ती केव्हाच टाकून दिली. तिथे आज आईला सांगतात की पोराचं अंग ३८ च्या वर गेलं की तो ताप. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर १९७२ मध्ये हवामान सेल्सिअसवर नेलं आणि तापही मागोमाग गेला. फॅरनहाइटला धरून बसलेला मोठा देश उरला तो अमेरिका. पण अमेरिकेची निदान एक गोष्ट सुसंगत आहे. त्यांचं ऊनही फॅरनहाइटमध्ये आणि तापही फॅरनहाइटमध्ये. न्यू जर्सीतली मराठी मुलगी फोनवर आईला "आज इथे वीस आहे" म्हणते आणि आई इकडे "वा, मस्त हवा!" म्हणते तेव्हा घोटाळा होतो खरा, कारण ते वीस म्हणजे उणे सात. पण तिकडच्या घरात ऊन आणि ताप यांची तुलना कुठेच अडत नाही. दोन मापं एकाच घरात, एकाच दिवाणावर नांदवायचा उद्योग आपला.

यावर कुणी म्हणेल, दोन मापं वापरण्यात मराठी माणूस पटाईत आहे, तुम्ही उगाच काळजी करता. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये असते आणि बांधावर उभा असलेला शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो. फ्लॅटच्या करारात चौरस मीटर, बिल्डरच्या तोंडात स्क्वेअर फूट. कुठे काय अडलंय?

नाही अडलेलं, आणि त्याला कारण आहे. एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, चाळीस गुंठ्यांचा एकर. शून्य गुंठे म्हणजे शून्य आर. आण्याचे पैसे करतानाही तेच. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, आठ आणे म्हणजे पन्नास, आणि खिसा रिकामा असला तर दोन्ही हिशोबांत रिकामाच. अशा मापांत नुसता गुणाकार असतो, आणि बाजारात उभं राहून गुणाकार करायला आपली माणसं कधी घाबरली नाहीत. तापमानाचं तसं नाही. तिथे शून्यच वेगवेगळ्या जागी ठोकलंय. सेल्सिअसचं शून्य बर्फ वितळतो तिथे. फॅरनहाइटचं शून्य त्याच्याही बरंच खाली. डॅनियल फॅरनहाइटने १७२४ साली आपली मोजपट्टी जाहीर केली तेव्हा बर्फ, पाणी आणि नवसागर (आपला कल्हईवाला वापरायचा तोच) यांच्या गारढोण मिश्रणाला त्याने शून्य मानलं, बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या अंगाला ९६. पुढे मोजपट्टी उकळत्या पाण्याच्या २१२ वर पक्की झाली आणि अंगाचा आकडा सरकून अठ्ठ्याण्णवच्या घरात गेला.

म्हणजे इथे आधी बत्तीस वजा करायचे, मग पाचाने गुणून नवाने भागायचं. रात्री दोन वाजता, रडतं मूल खांद्यावर घेऊन हे कुणालाही जमत नाही. उलट्या दिशेला एक सोपी युक्ती आहे: सेल्सिअसच्या आकड्याची दुप्पट करा, त्यातून तिचा दहावा हिस्सा काढा, बत्तीस मिळवा. ३७ चे ७४, त्यातून ७.४ गेले, राहिले ६६.६, अधिक ३२, झाले ९८.६. मला ही युक्ती फार आवडते आणि गेल्या वीस वर्षांत एकदाही वेळेवर आठवलेली नाही.

शून्य सरकलेलं असल्यामुळे आणखी एक सापळा तयार होतो, आणि त्यात शिकलेली माणसंच जास्त अडकतात. पृथ्वीचं सरासरी तापमान शक्यतो १.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, हे पॅरिस कराराचं ध्येय. हे फॅरनहाइटमध्ये किती? सूत्रात घातलं तर ३४.७ येतं, म्हणजे पृथ्वीची भट्टीच झाली! खरं उत्तर २.७. कारण हा फरक आहे, आणि फरकाला बत्तीस लागत नाहीत. हवा किती तापली आणि हवा कितीने तापली, या दोन प्रश्नांना दोन वेगळी सूत्रं लागतात, हे शाळेत कुणी बजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. उणे चाळीसला दोन्ही मोजपट्ट्या सारख्याच होतात ही गंमत मात्र सगळ्यांना पाठ. उणे चाळीस अकोल्याला कधी येणार आहे?

मुद्दा उन्हाचाच आहे, तिथे जरा थांबते.

माणसाचं शरीर दिवसभर उष्णता तयार करत असतं आणि ती बाहेर टाकत असतं. भोवतालची हवा अंगापेक्षा थंड असेल तर बरीचशी उष्णता आपोआप निघून जाते, पंख्याखाली तर चटकन. हवा कातडीइतकी तापली, साधारण पस्तिशीच्या पुढे गेली, की हा रस्ता बंद व्हायला लागतो. सदतीसच्या पुढे उलटा प्रवास: हवाच अंगाला उष्णता देते. मग उरतो फक्त घाम. घाम सुकला तर माणूस वाचतो. हवा दमट असेल तर घाम सुकत नाही, नुसता निथळतो. अंगातलं पाणी संपलं तर घामच येत नाही. चाळीसच्या पुढे पंख्याचा झोत अंगाला आणखी तापवतो, म्हणून त्या वर पंख्यावर भिस्त ठेवू नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि शरीराच्या आतलं तापमानच चाळीसच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, की तो उष्माघात.

आता या परिच्छेदातले आकडे बघा. पस्तीस, सदतीस, चाळीस, पुन्हा चाळीस. सगळे एकाच पट्टीवर आहेत म्हणून गोष्ट कळते. हेच आपल्या नेहमीच्या बोलण्यात लिहिलं तर होईल: हवा ३५ च्या पुढे गेली की त्रास सुरू, अंग ९८.६, हवा ४० ला पोचली की पंखा बंद करा, अंग १०४ ला पोचलं की उष्माघात. वाचणाऱ्याने यातून काय समजून घ्यायचं? १०४ चा ताप आला तर घरात धावपळ उडते. चाळीसच्या दुपारी लग्नाची वरात निघते. आकडा तोच आहे.

हवामान खात्याचे उष्णतेच्या लाटेचे निकषही याच पट्टीवर आहेत. मैदानी भागात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि त्याबरोबर सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त. किनारपट्टीला ३७ का, असा प्रश्न मुंबई-रत्नागिरीच्या माणसाला पडत नाही, कारण सदतीस हा स्वतःच्या अंगाचा आकडा आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याचं अंग अठ्ठ्याण्णव आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानात लाखो माणसं भर दुपारी तासन् तास उन्हात बसली आणि उष्माघाताने माणसं दगावली. सरकारी आकडा चौदा. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर कमाल तापमान नोंदलं गेलं ३८ च्या आसपास. विदर्भातला माणूस अडतीसला हसेल. पण अडतीस म्हणजे थर्मामीटरवरचे १००.४, आणि वर समुद्राकाठची दमट हवा. म्हणजे मैदानातली हवाच तापात होती. दुसऱ्या मोजपट्टीमुळे ती माणसं गेली असं मी म्हणत नाही, तिथली कारणं वेगळी आणि मोठी आहेत. पण 'अडतीस म्हणजे फार नाही' हे आपल्याला इतकं सहज वाटू शकतं, त्यात या दोन कप्प्यांचा हात आहेच.

उन्हाळा सोडा, बाळंतिणीच्या खोलीत चला. नात्यातल्या एका मुलीला बाळ झालं, वजन कमी होतं म्हणून काही दिवस काचेत ठेवलं होतं. सुट्टी मिळाली तेव्हा रुग्णालयाच्या कागदावर लिहिलं होतं: तापमान ३६.५ च्या खाली किंवा ३७.५ च्या वर गेल्यास ताबडतोब आणा. बरोबरच होतं ते, नवजात बाळांच्या विभागात सगळा कारभार सेल्सिअसमध्येच चालतो. घरचं थर्मामीटर मात्र फॅरनहाइटमधलं. तिसऱ्या रात्री त्यावर ९७.२ आलं. आजी म्हणाली, "सत्त्याण्णव म्हणजे ताप नाहीये, झोपू द्या." ताप नव्हताच. पण ९७.२ म्हणजे ३६.२, बाळ गार पडत होतं, आणि कागदाप्रमाणे तेव्हाच निघायला हवं होतं. पहाटे कुणीतरी गुगलवर आकडा टाकला तेव्हा घरात दिवे लागले. बाळ सुखरूप आहे, आता पालथं पडतं. पण त्या घरात अडाणी कुणीच नव्हतं, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर रोज दोनदा लसींच्या फ्रिजचं तापमान वहीत लिहिते, २ ते ८ सेल्सिअसच्या दरम्यान आहे ना ते बघून. फ्रिजच्या दोन पावलांवर बसलेल्या पेशंटचा ताप ती १०१ लिहिते. एकच पेन.

फॅरनहाइटच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही असं नाही. त्याचा अंश बारीक आहे, म्हणून तापातली चढ-उतार दशांश न लावता कळते. आणि 'शंभर म्हणजे ताप' हा हिशोब कुणालाही लक्षात राहणारा. मान्य. पण आपण दशांश लावतोच की, ९९.४ म्हणतोच. आणि शंभरच्या जागी अडतीस लक्षात ठेवायला कितीसा त्रास? ज्या ९८.६ ची आपण पूजा करतो तो आकडा मुळात सेल्सिअसचंच भाषांतर आहे. लाइपझिगच्या वुंडरलिख नावाच्या डॉक्टरने हजारो रुग्णांची तापमानं नोंदवून १८६८ च्या आपल्या ग्रंथात माणसाचं सर्वसाधारण तापमान ३७ सेल्सिअस सांगितलं. ढोबळ, गोल आकडा. तो फॅरनहाइटमध्ये नेल्यावर ९८.६ झाला आणि त्या '.६' मुळे उगाच सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखा दिसायला लागला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी निरोगी माणसांवर पुन्हा मोजलं तर सरासरी ९८.२ आली. आपली जुनी मंडळी तर इंग्रजी वळणाने ९८.४ म्हणतात. आजोबा अजूनही त्यावरून बहिणीशी वाद घालतात, आणि माझ्या मते दोघंही हरतात, कारण सकाळचं अंग आणि संध्याकाळचं अंग यांतच अर्ध्या अंशाचा फरक असतो.

लोकांना जमणार नाही, हा आक्षेप मला सगळ्यात कमकुवत वाटतो. २०२० मध्ये प्रत्येक सोसायटीच्या, बँकेच्या, मॉलच्या दारात कपाळावर रोखायचं ते पिस्तूल आलं. आमच्या गेटवरच्या वॉचमनला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, "साडेसदतीसच्या वर आला तर आत सोडायचं नाही." त्याने ना सूत्र विचारलं, ना फॅरनहाइट कोण ते. दोन दिवसांत तो उन्हातून चालत आलेल्याला स्वतःच म्हणायला लागला, "पाच मिनिटं सावलीत बसा काका, डोकं तापलंय, नाहीतर मशीन अडतीस दाखवेल." सेल्सिअस शिकायचं म्हणजे एवढंच. रूपांतर शिकायचं नसतं, एक आकडा नव्याने ओळखीचा करायचा असतो. ३७ आपला, ३८ ताप, ३९ ला डॉक्टरांना फोन, ४० ला धावत. अर्थात तान्ह्या बाळाला अडतीसलाच डॉक्टरकडे न्यायचं, तिथे थांबणं नाही.

खरं तर एक सोन्यासारखी संधी आपण हातची घालवली. आमच्या घरी काचेचं थर्मामीटर होतं, त्यावर पाऱ्याच्या दोन्ही बाजूंना आकडे होते, एकीकडे ३५ ते ४२, दुसरीकडे ९४ ते १०८. कुणी बघो न बघो, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. पारा विषारी म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानंतर जगभर ही थर्मामीटरं बाद होत गेली आणि त्यांच्या जागी बॅटरीची आली. अख्ख्या देशाच्या कपाटातलं एक उपकरण बदललं जात होतं. तेव्हाच ठरवलं असतं तर बदल कुणाला कळलाही नसता. झालं उलटंच. नव्या यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर एकच आकडा दिसतो आणि आपल्याकडे विकताना तो बहुधा फॅरनहाइटचा लावून दिलेला असतो. (वर्तमानपत्रांत मात्र 'पारा चाळिशीपार' अजून सुखाने नांदतोय. थर्मामीटरातून गेला, मथळ्यातून जायला तयार नाही.)

आपल्या वजन-मापांच्या २००९ च्या कायद्यात तापमानाचं मूळ एकक केल्विन आहे. सेल्सिअस त्याचाच घरातला भाऊ, अंशाची लांबी तीच, फक्त शून्य वेगळं. फॅरनहाइट त्या कुटुंबात कुठेच बसत नाही. तेव्हा सरकारने काही नवीन पाप करायचं नाहीये. विकायला येणारं प्रत्येक डिजिटल थर्मामीटर सेल्सिअसवर लावलेलं असावं, बटण दाबून बदलता आलं तर येवो. रुग्णालयाने घरी देताना प्रत्येक कागदावर पुढची पाच-सात वर्षं दोन्ही आकडे लिहावेत, सेल्सिअस आधी आणि ठळक. आशाताईंच्या हातातल्या तक्त्यावर, शाळेच्या भिंतीवर, उन्हाळ्याच्या सूचनांच्या फलकावर अंगाचा ३७ आणि आजच्या हवेचा आकडा एकाच पट्टीवर रंगवलेला असावा. अकोला-चंद्रपूरकडे मेमध्ये हवेची रेघ अंगाच्या रेघेच्या वर चढलेली रोज दिसली, तर दुपारी बारा ते चार कामं बंद ठेवा हे मुकादमाला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही, अशी माझी आशा आहे. कदाचित भाबडी असेल.

अकोल्याहून निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बहिणीच्या थर्मामीटरचं बटण दाबून धरलं आणि ते सेल्सिअसवर आणलं. भाच्याचा ताप तोवर उतरला होता, ३६.९. त्याला ते भारी आवडलं, तो घरभर सगळ्यांच्या काखेत थर्मामीटर लावत सुटला आणि प्रत्येकाला "तू बाहेरच्यापेक्षा चार कमी" असं सांगत राहिला. बहिणीच्या सासूबाई तेवढ्या नाराज होत्या. त्यांचं म्हणणं, शंभरचा ताप म्हटलं की पोराला शाळेत न पाठवायला कारण तरी मिळतं. अडतीसला कोणती बाई सुट्टी देणार आहे?